वहीतले दोन तास

"वहिनी, ही गाडी शेपूट हलवते. चालवणाऱ्याला विचारा."

टायरवाल्यानं हे मला सांगितलं तेव्हा लेक तीन महिन्यांची होती, माझ्या खांद्यावर होती आणि बेंबीच्या देठापासून रडत होती. तो उकिडवा बसून ट्रेलरच्या टायरवर अंगठा फिरवत होता. रबर एकाच बाजूनं गुळगुळीत झालं होतं. मी म्हटलं, "हो, विचारते," आणि निघाले. विचारलं नाही. टायरवाले नवा टायर खपवायला काहीतरी सांगतच असतात, असं मनात आलं. मी संशयी आहे हे सगळं घर जाणतं. त्या दिवशी मात्र मी नेमका चुकीच्या माणसावर संशय घेतला.

आमच्या घरचा धंदा माशांच्या पिल्लांचा. घरामागच्या सिमेंटच्या हौदांत अंडी उबवायची, पिल्लं बोटाएवढी झाली की तळेवाल्यांना पोचवायची. या बोटाएवढ्या पिल्लांना बोटुकली म्हणतात. लग्न होऊन आले तेव्हा मला तो शब्द इतका आवडला की पुढे पोटातल्या बाळालाही मी तेच म्हणायचे. बोटुकली पोचवायला पिकअप, पिकअपच्या मागे आकड्याला अडकवलेला दोन चाकी ट्रेलर आणि ट्रेलरवर हजार लिटरची निळी टाकी, शेजारी ऑक्सिजनचा सिलिंडर. टाकी ट्रेलरच्या अगदी मागच्या कडेला बसवलेली, कारण ट्रेलर उलटा तळ्याच्या काठाला लावला की नळीचं तोंड थेट पाण्यात जावं. ही युक्ती माझ्या मोठ्या दिरांची. त्यांना मी दादा म्हणते. टाकी पाऊणच भरायची ही युक्तीही त्यांचीच. "पाणी कमी, वजन कमी. गाडी पळते," असं ते म्हणायचे आणि ते म्हणाले की विषय संपायचा.

पळणं महत्त्वाचं, कारण पिल्लं टाकीत जितका वेळ तितकी मर जास्त. म्हणून पडवीत खिळ्याला एक वही टांगलेली. कधी निघालो, कधी पोचलो, किती मेली. सगळ्यात मोठा तळेवाला एकशे ऐंशी किलोमीटरवर. दादांच्या काळच्या पानांवर त्याच्या नावापुढे प्रत्येक वेळी एकच नोंद : दोन तास. कधी दोन तास पाच मिनिटं. दादांची कंबर धरली आणि ट्रेलर नवऱ्याकडे आला. नवऱ्याच्या अक्षरातही तेच, दोन तास.

फोन घेणं माझं काम. तळेवाला माल पोचला की मला फोन करतो. लेक सहा महिन्यांची झाली, रात्रीची थोडी झोपायला लागली, तसं माझं डोकं पुन्हा चालायला लागलं आणि एका सकाळी मनात शंकेची पाल चुकचुकली. नवरा सातला निघाला होता. वहीच्या हिशेबानं नऊला पोचायला हवा होता. तळेवाल्याचा फोन मात्र मला आला दहाला दहा कमी असताना.

"तुम्ही फोन उशिरा केलात का हो?" मी त्याला विचारलं.

"छे, गाडी अजून वळतेच आहे काठावर. दिसतेय मला."

परत आल्यावर नवऱ्यानं वहीत नऊच लिहिलं. एकदा होतं असं, म्हणून सोडून दिलं. पुढच्या फेरीलाही तसंच. त्याच्या पुढच्याही. दर वेळी पंचेचाळीस-पन्नास मिनिटं कुठेतरी गडप.

आता माझ्यासारख्या बाईनं काय समजावं? घरी लहान मूल, बायको गाऊनवर, केसांना तीन-तीन दिवस कंगवा नाही आणि नवऱ्याची पन्नास मिनिटं हरवतात. मी आडून आडून विचारायला लागले.

"वाटेत थांबतोस का रे कुठे?"

"नाही. का?"

"सहज. चहाला वगैरे?"

"माशांना चहा चालत नाही," तो म्हणाला आणि हसला, पण माझ्याकडे न बघता हसला. आल्याआल्या आंघोळीला जायचा. शर्ट पाठीवर ओलाचिंब असायचा, अगदी गार हवेच्या दिवसांतही. हातांना बसल्याबसल्या कळ यायची, बोटं मोडत राहायचा. मी शर्टाचा वास घेऊन पाहिला. घामाचा आणि माशांचा होता. तेवढ्यानं माझं समाधान होणार नव्हतं.

"वहिनी, तू पोलिसात भरती का नाही झालीस?" नणंदेनं मला शर्ट हुंगताना पकडलं तेव्हा म्हणाली. नणंद सगळ्यात धाकटी, घरात तिला भिंगरी म्हणतात. एके जागी टिकत नाही. "त्याच्यावर कोण भाळणार? अंगाला कायम माशाचा वास. तू फसलीस तेवढी पुरे."

"तू गप्प बैस. आणि दादांना काही बोलू नकोस."

"दादाला मी एकच गोष्ट बोलणार आहे. मला ट्रेलर दे." तिला पिकअप येत होती, परवाना होता, गावातल्या गावात रिकामा ट्रेलरही तिनं दोनदा नेला होता. दादा म्हणत, बघू. ती रोज वही वाचायची, एखादी मुलगी परीक्षेआधी वाचते तशी. "दोन तास म्हणजे नव्वद. सरळ नव्वद धरून ठेवायचं. त्यात काय अवघड आहे?"

एका दुपारी नवरा हौदावर असताना मी पिकअपचा समोरचा खण उपसला. टोलच्या पावत्यांचा गठ्ठा मिळाला. पहिल्या आणि दुसऱ्या नाक्यात अठ्ठ्याहत्तर किलोमीटर. नव्वदच्या वेगानं बावन्न मिनिटं व्हायला हवीत. पावत्यांवर दर वेळी सत्तर, बहात्तर, चौऱ्याहत्तर मिनिटं. म्हणजे हा बाबा दोन नाक्यांच्या मध्ये वीस मिनिटं थांबतो. त्या पट्ट्यात एक लांबलचक उतार आहे आणि उताराखाली एक पेट्रोलपंप. पंपावर कॉफीचं दुकान आहे, हे मी फोनच्या नकाशावर पाहिलं. दुकानाच्या फोटोत काउंटरमागे एक बाई हसत होती. चांगली दिसत होती, मेली.

पुढच्या फेरीला मी म्हटलं, "मी येते."

"तू? आणि बाळ?"

"भिंगरी बघेल. मला गावाबाहेर पडून वर्ष झालं."

तो नको म्हणाला नाही. "हो"ही म्हणाला नाही. पिकअपचं दार मात्र त्यानं माझ्यासाठी उघडलं, तसं तो कधी करत नाही, आणि तेही मी मनात टिपून ठेवलं.

हमरस्त्याला लागलो. काटा पासष्टवर गेला आणि तिथंच थांबला. मागून ट्रक भोंगे वाजवत, दिवे मारत पुढे जात होते. एका ट्रकवाल्यानं खिडकीतून हात काढून काहीतरी विचारलं, ते इथे लिहिण्यासारखं नाही.

"माझ्यासाठी हळू चालवतोयस का?" मी विचारलं.

"नाही."

"मग रोज असंच?"

त्याच्या दोन्ही हातांची बोटं स्टिअरिंगवर पांढरी पडली होती. उतार आला. उतार सुरू व्हायच्या आधीच त्यानं वेग पंचावन्नवर आणला. पेट्रोलपंप खाली दिसत होता आणि माझं सगळं लक्ष तिकडे. तेवढ्यात उजवीकडून एक लांब बस सुसाट पुढे गेली आणि कुणीतरी मागून पिकअपचा पार्श्वभाग धरून ढकलावा तसं झालं. आधी डावीकडे, मग उजवीकडे, मग पुन्हा डावीकडे. टाकीतलं पाणी धपकन एका बाजूला आदळल्याचा आवाज आला. मी ओरडले. नवऱ्यानं ब्रेकला पायच लावला नाही. फक्त ॲक्सिलरेटरवर दाबलेला पाय उचलला, स्टिअरिंग सरळ घट्ट धरलं आणि वाट पाहिली. पंचेचाळीसवर आल्यावर ते हेलकावे हळूहळू विरले.

पंप मागे पडला. तो थांबला नाही. कॉफीच्या दुकानातल्या बाईकडे मी वळूनही पाहिलं नाही.

"तिसऱ्याच फेरीला झालं होतं," तो म्हणाला. आवाज कोरडा. "तेव्हा नव्वदला होतो. वहीत होतं ना. याच उतारावर. एका आरशात ट्रेलर दिसतच नव्हता, इतका दुसऱ्या बाजूला आला होता. मी ब्रेक मारणार होतो, पायच थरथरायला लागला, मारता आला नाही. म्हणून वाचलो. त्यानंतर पासष्ट."

"आणि वहीत?"

"वहीत दोन तास."

"का पण?"

"दादा दहा वर्षं दोन तासांत जात होता. मी काय लिहू? मला भीती वाटते, असं?"

मला त्याच्या गळ्यात पडावंसं वाटलं आणि त्याच वेळी कानाखाली द्यावीशी. इतके दिवस मी बाईचा वास शोधत होते आणि हा माणूस रोज सकाळी जीव मुठीत धरून जात होता आणि संध्याकाळी हसत होता. एक सांगते, त्या क्षणीही माझा संशय पुरता गेला नाही. त्यानं जागा बदलली. नव्वदला ट्रेलर असा करतो, तर दादा दहा वर्षं कसे गेले?

संध्याकाळी जेवताना दादांनी घोषणा केली. तळेवाल्याला आणखी एक टाकी हवी होती, उद्याच. नवरा तर सकाळी मोठा हौद रिकामा करायला लागणार. "उद्या भिंगरी जाईल."

भिंगरीनं घास तसाच हातात धरून किंकाळी फोडली. लेक दचकून रडायला लागली. सासूबाई म्हणाल्या, "पोचव आधी, मग नाच." मी नवऱ्याकडे बघत होते. तो ताटातला एक दाणा बोटानं इकडून तिकडे सरकवत होता.

खोलीत आल्यावर मी दार लावलं. "सांग त्यांना. आत्ता."

"सकाळी सांगतो. ती निघायच्या आधी. दादाला एकट्याला गाठून."

"सगळ्यांसमोर सांगायला काय होतं?"

"तुला काय होतंय? तुझा भाऊ नाही तो."

तो सांगणार नाही, असं मला त्याच्या पाठीवरूनच कळत होतं. तरी मी त्याला सकाळपर्यंतची मुदत दिली. मी स्वतः पाच पावलं चालून भिंगरीच्या दारावर टकटक करू शकत होते. लेकीला दात येत होते, अंग कोमट होतं, ती कुशीत होती, उठले तर जागी होईल असं वाटलं. ही कारणं मी आजही स्वतःला देते आणि आजही ती मला पटत नाहीत.

रात्रभर लेकीनं जागवलं. पहाटे दोघींचा डोळा लागला. जाग आली तेव्हा सात वाजून वीस मिनिटं. अंगणात पिकअप नव्हती. वहीत भिंगरीचं गोल गोल अक्षर : निघाले, पावणेसात. पुढे एक हसरा चेहरा काढलेला.

नवरा हौदात कमरेएवढ्या पाण्यात उभा होता. "सांगितलंस?"

"दादा सापडलाच नाही. सिलिंडर आणायला गेला होता. आणि ती लवकर..."

मी पुढचं ऐकलं नाही. भिंगरीला फोन लावला. वाजत राहिला. गाडी चालवताना फोनचा आवाज बंद ठेवायचा, हे मीच तिला शिकवलं होतं. पुन्हा लावला. पुन्हा. तेवढ्यात दादा त्यांच्या छोट्या गाडीतून सिलिंडर घेऊन आले. मी लेकीला सासूबाईंच्या मांडीवर टाकलं आणि अनवाणीच अंगणात धावले.

"दादा, तिला थांबवा. ती नव्वदनं जाईल."

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. का, असं विचारलं नाही. तुला काय कळतं, असंही म्हणाले नाहीत, आणि एरवी ते नक्की म्हणाले असते. त्यांचा चेहरा पांढराफटक झाला. सिलिंडर तिथंच उतरवला आणि म्हणाले, "बसा." बस्स. नवरा ओल्या चड्डीनंच मागे बसला. मी पुढे. दादांना कंबरेमुळे नीट वळता येत नव्हतं, तरी ते स्वतःच चालवायला बसले. वाटभर मी फोन लावत राहिले आणि दादांच्या गालावरचा एक स्नायू उडताना पाहत राहिले. यांना काय माहीत आहे?

उतार अर्धा उतरला की रस्ता डावीकडे वळतो. वळणाच्या अलीकडे गाड्या हळू झाल्या. रस्ता ओला होता. आकाशात ढगाचा ठिपका नाही आणि रस्ता ओला. मग चमचमणारं काहीतरी दिसलं, डांबरावर शेकडो बोटुकली, साचलेल्या पाण्यात काही अजून उडत, आपटत, बाकी निपचित. पिकअप कडेच्या पट्टीवर आडवी. ट्रेलर फिरून तिच्या कुशीत घुसलेला, टाकी लोखंडी कठड्यावर फाटलेली.

भिंगरी रस्त्याकडेला गुडघ्यांवर बसली होती. पाण्याची बाटली कापून तिचं भांडं केलं होतं आणि त्यात एकेक बोटुकली उचलून टाकत होती. सीटबेल्टच्या पट्ट्यामुळे खांद्यावर लाल-निळा वळ उठला होता. बाकी शाबूत. मी तिला धरलं तेव्हा दात वाजत होते तिचे.

"बस गेली बाजूनं," ती म्हणाली. "मग हलायला लागलं. मी ब्रेक मारला, वहिनी. जोरात मारला. मारायचा असतो ना?"

ब्रेकचं मला काल कळलं होतं. काल, जेवणाच्या दहा तास आधी.

मग तिनं वर दादांकडे पाहिलं. "मी वहीपेक्षा जास्त नव्हते रे दादा. शपथ. नव्वदच होती."

दादा कठड्याला धरून हळूहळू खाली बसले.

"मी सत्तरच्या वर कधी गेलो नाही गं," ते म्हणाले. "एकदाही नाही."

"मग वहीत?"

"बाबा म्हणायचे, दोन तासांत पोचलास तर धंदा तुझा. पहिल्या दिवशी लिहिलं. मग रोज तेच लिहायला लागलं."

नवऱ्यानं भावाकडे पाहिलं. भावानं त्याच्याकडे. दोघं एकाच रस्त्यावरून, एकाच वेगानं, वर्षानुवर्षं जीव मुठीत धरून गेले होते आणि घरी येऊन एकमेकांच्या धाकानं एकच खोटं लिहीत होते. वही खरी मानली ती एकट्या धाकटीनं. रागानं माझ्या डोळ्यांत पाणी आलं. त्या दोघांवर तर होताच, पण माझ्यावर जास्त. मी तरी रात्री त्या दारापर्यंत कुठे गेले होते?

त्यानंतर आम्ही चौघं वेल्डरकडे गेलो, ज्यानं तो ट्रेलर बनवला होता. दादांनी स्वतः सांगितलं, मान खाली घालून का होईना. वेल्डरनं ट्रेलर दुरुस्त केला आणि नवी टाकी पुढे बसवली, चाकांच्या जराशी पुढे, म्हणजे आकड्यावर वजन राहील. मागे वजन जास्त झालं की आकडा पिकअपला वर उचलतो आणि मग ट्रेलरच पिकअपला हाकायला लागतो, हे त्यानं आम्हाला एका काठीवर वीट ठेवून दाखवलं. पाणी एका बाजूला आदळू नये म्हणून टाकीत आडवे पत्रे बसवले. काठाशी पोचायला नळी लांब केली. इतकी वर्षं एवढंच करायचं होतं. आणि टाकी आता गळ्यापर्यंत भरायची, पाण्याला डुचमळायला जागाच ठेवायची नाही. वेग आम्ही चौघांनी बसून ठरवला. सपाटीवर पासष्ट. उताराच्या आधी पंचावन्न, उतारावर नाही, आधी. हलायला लागलं तर ब्रेक नाही, फक्त पाय उचलायचा आणि सरळ धरायचं. वही आता मी लिहिते, तळेवाल्याचा फोन आल्यावर. तीन तासांत मर आधीएवढीच आहे. भिंगरी पुन्हा चालवते. पहिल्या दोन फेऱ्यांना मी शेजारी बसले होते, तिसरीला तिनं मला घरी ठेवलं.

हे सगळं लिहायचं कारण वेगळंच आहे. काम संपवताना वेल्डर हात पुसत म्हणाला, "तुमच्यासारखाच एक मी गेल्या वर्षी बनवून दिलाय. टाकी अगदी मागे. तुमच्या दादांनीच त्या माणसाला सगळं समजावलं, वहीसुद्धा दाखवली. त्यानं पानाचा फोटो काढून नेला."

दादांना तो माणूस आठवतो. पन्नाशीचा, बोलका, बरोबर त्याची बायको होती आणि तीही चालवायची म्हणत होती. नाव आठवत नाही. त्यानं दिलेला नंबर आता लागत नाही. मी रोज एकदा लावून बघते.

त्याचा ट्रेलर राखाडी आहे, टाकी निळी, मागच्या कडेला, आकड्याच्या वर वेल्डरनं पांढऱ्या रंगानं एक मासा काढलेला. तुम्ही तळी असलेल्या भागात राहत असाल, किंवा हमरस्त्यानं जात-येत असाल, तर एवढं करा. तो दिसला तर थांबवा. किती वेगानं जाता, असं त्याला विचारा, आणि पहिलं उत्तर खरं धरू नका. मग त्याच्या बायकोला वेगळं बाजूला घेऊन विचारा. ती ठीक आहे का, तेवढं बघा आणि मला कळवा.